पानवाल्या मॅडम

सर, पुढच्या आठवड्यात मला छिंदवाड्याला जायचं आहे. आजूबाजूच्या कॉलेजांचे ग्रंथपाल जमणार आहेत आणि मोबाईलवरच्या ग्रुपचा पोरांच्या अभ्यासाला काय उपयोग होतो, हे मी त्यांना सांगायचं आहे. काय बोलायचं ते लिहून काढायला बसले, आणि पहिलं वाक्यही धड जमलं नाही. कुठून सुरुवात करावी याचा विचार करताना तुम्ही आठवलात. तुम्ही गेलात तेव्हा सौंसरमध्ये साधे फोनसुद्धा मोजक्याच घरांत होते, त्यामुळे ग्रुप म्हणजे काय हे तुम्हाला आधी सांगायला हवं. तुम्ही ग्रंथपाल होता त्या सौंसरच्या वाचनालयातलं ते लांब टेबल डोळ्यांसमोर आणा. त्याच्याभोवती पोरं बसली आहेत, पण प्रत्येक जण आपापल्या गावात, आपापल्या घरी. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जातं. तुम्हाला हे काही आवडलं नसतं. तुमच्या टेबलाशी कुणी बोलायचं नसे.

मी बी.ए.ला होते तेव्हाची गोष्ट. मी मैत्रिणीला हळूच सांगत होते की आपल्याकडे संत्र्याचं पहिलं झाड नागपूरच्या राजाने आणलं असं म्हणतात. तुम्ही कपाटापाशी उभे होता. मागे वळून म्हणालात, "म्हंतेत म्हणजे कोन म्हंते?"

मी म्हटलं, "सगळेच म्हणतात, सर."

"सगळ्याइचं नाव काय हाय? कोन्या पुस्तकात लिवलं हाय ते दाखव, मंग बोल."

सगळी पोरं माझ्याकडे पाहून हसली. तुम्ही कंबरेची किल्ली काढून कपाट उघडलंत आणि पुस्तकांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवलात. माझी बस गेली. दुपारभर मी पानं उलटत बसले. एका पुस्तकात राजा होता. दुसऱ्यात राजाचं नावही नव्हतं, कुण्या बागवानाने कलमं आणली असं होतं. मी दोन्ही पानं तुमच्यापुढे धरली तेव्हा मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. तुम्ही चष्मा वर सारून दोन्ही वाचलीत आणि म्हणालात, "आता सांग तुह्या मैत्रिणीले. दोन जागी दोन लिवलं हाय, असं सांग." मग कपाटाला कुलूप लावून घरी गेलात. मैत्रीण केव्हाच निघून गेली होती.

पुढे पांढुर्ण्याच्या कॉलेजात मला ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा तुम्ही घरी जेवायला बोलावलंत. काकूंनी वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर केली होती. तुमच्या घरात उजेड म्हणावा असा स्वयंपाकघराच्या दारातच यायचा, म्हणून तुम्ही तिथेच मांडी घालून एक फाटकं पुस्तक शिवत बसला होता. काकू तव्यावरची भाकर उलटताना म्हणाल्या, "पाह्य ना पोरी, इथं पुस्तकाचा कागद अन् पीठ एकच होऊन राह्यलं." तुम्ही हसला नाहीत. जेवण झाल्यावर ज्याने शिवत होता ते दाभण आणि मेण लावलेल्या दोऱ्याची रीळ माझ्या हातात ठेवलीत. "तिथल्या पुस्तकाइच्या पाठी उसवल्या असतीन," एवढंच बोललात. खरोखरच उसवल्या होत्या. पहिली दोन-तीन वर्षं माझं बरंचसं काम म्हणजे ते दाभण चालवणं हेच होतं.

आता तसं नाही. पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झालं, कॉलेजला नवी खोली मिळाली, कपाटांना काचा आल्या आणि पुस्तकं फाटेनाशी झाली, कारण ती कुणी उघडेना. पोरं परीक्षेच्या आधी येतात, गाईड मागतात, त्याचे फोटो काढतात आणि जातात. त्यांना दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. दुपारची बस चुकली तर संध्याकाळपर्यंत गावाला जायला काही नसतं. मुलींच्या घरी तर उशीर म्हणजे दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद. मागे एक प्रशिक्षण झालं, त्यात एक तरुण बाई शिकवायला आली होती. ती म्हणाली, वाचक आपल्याकडे येत नसेल तर वाचक जिथे आहे तिथे आपण जायचं. मागच्या रांगेतले एक ग्रंथपाल हळूच म्हणाले, "मॅडम, वाचक मोबाईलमदे आहे. आपण तिथं कसं घुसायचं जी?" सगळे हसले. मीही हसले. पण घरी येताना गाडीत तेच डोक्यात घोळत राहिलं.

आधी मी फेसबुकवर ग्रंथालयाचं पान उघडलं. नव्या पुस्तकांचे फोटो टाकले. प्राचार्यांनी आणि कॉलेजातल्या बाबूंनी अंगठे दिले, पोरांपैकी कुणी फिरकलं नाही. मग व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. पहिले काही दिवस त्यात फुलं, सुप्रभात आणि जामसांवलीच्या मारुतीचे फोटो येत राहिले. मी कुणाला रागावले नाही, फक्त दुपारी एक प्रश्न टाकायला लागले. त्यांच्याच अभ्यासक्रमातला, पण गाईडमध्ये उत्तर सापडणार नाही असा. उत्तर कुणीही द्यावं, वऱ्हाडीत द्या, हिंदीत द्या, लिहून द्या नाहीतर बोलून पाठवा. अट एकच ठेवली: ज्या पुस्तकात वाचलं त्या पानाचा फोटो सोबत टाकायचा. ही अट कुठून आली ते तुम्हाला सांगायला नको. पानासाठी पुस्तक हवं, पुस्तकासाठी ग्रंथालयात यायला हवं, म्हणून हळूहळू पोरं यायला लागली. कुणी भलतंच काही लिहिलं की मी दोनच शब्द टाकायचे, "पान दाखवा." पोरांनी माझं नाव पानवाल्या मॅडम ठेवलं. स्टॅंडवर पानठेला असावा तसं. मला कळलं तेव्हा मी गंमत वाटल्यासारखं दाखवलं आणि ती खरंच थोडी वाटलीही.

त्या ग्रुपमध्ये सौंसरच्या बाजूच्या एका खेड्यातली मुलगी होती. कॉलेजात ती भिंतीला लागून चालायची. वर्गात कधी बोललेली कुणी ऐकली नव्हती. ग्रुपवरही बरेच दिवस नुसती वाचायची. एकदा इतिहासाच्या प्रश्नावर सगळ्यांनी एकच उत्तर एकमेकांचं पाहून टाकलं, तेव्हा तिचा आवाज आला. मागे बकऱ्या ओरडत होत्या. "मॅडम, हे सगळे चूक सांगून राहिले. पुस्तकात उलटं दिलं आहे. पान टाकून राहिली." फोटोत पानाच्या कडेला तिचं बोट होतं, कापूस वेचून चिरा पडलेलं. त्यानंतर ती रोज बोलायला लागली. पोरं तिला प्रश्न विचारायची, ती गोठ्यातून, विहिरीवरून, कुठूनही उत्तर द्यायची. समोर आली की मात्र पुन्हा भिंतीला लागून.

उन्हाळ्यातल्या परीक्षेच्या वेळी एक गोष्ट घडली. पेपरच्या दिवशी सकाळी ग्रुपवर एक फोटो आला. विद्यापीठाची सूचना, शिक्का, सही, सगळं होतं. आजचा पेपर पुढे ढकलला आहे असं लिहिलेलं. ती मागच्या वर्षीची सूचना होती. फोटो काढताना तारखेवर कुणाचा तरी अंगठा आला होता, आणि तो फोटो कुठून कुठून फिरत आमच्याकडे पोचला होता. ज्या पोराने टाकला त्यालाही ते माहीत नव्हतं. मी परीक्षेच्या कामावर होते. मोबाईल कपाटात जमा करून आम्ही खोल्यांमधून पाणी ठेवत होतो. मला यातलं काहीच कळलं नाही.

त्या मुलीच्या गावात त्या दिवशी एका घरी हळद होती. गावातून आमच्या कॉलेजला येणाऱ्या सगळ्या मुली तिथेच होत्या, पेपर नाही म्हणून खुशीत. तिने ग्रुपवर लिहिलं, हे कुठलं आहे, पूर्ण कागद दाखवा. कुणी उत्तर दिलं नाही. मैत्रिणी म्हणाल्या, शिक्का दिसून राहिला ना, अजून काय पाहिजे तुले. तिची आई म्हणाली, साऱ्याइले सुट्टी अन् तुलेच काहून पेपर. ती दुधाच्या गाडीत बसून एकटी निघाली. पेपर नसता तर गावभर हसू झालं असतं आणि आईने पुढे कॉलेजला पाठवलं असतं की नाही कुणास ठाऊक. हे सगळं मला नंतर तिच्याकडूनच कळलं, तुकड्यातुकड्याने.

पेपरला तास-दीड तास असताना कॉलेजच्या गेटवरून तिने ग्रुपवर आवाज पाठवला. तो मी अजून ठेवला आहे. "मी गेटवर आहो. पेपर आहे. शिपाईकाकाले विचारलं, बोर्डावरच्या नोटिशीचा फोटो टाकून राहिली, तारीख पाहून घ्या. ज्याच्याजवळ गाडी आहे त्यानं दुसऱ्याले घेऊन या. हळद-बिळद सोडा अन् या." आवाज जराही चढलेला नाही. बाजारात भाजी सांगावी तसं सांगितलं आहे.

पेपरची वेळ होत आली तेव्हा मी परीक्षेच्या खोलीत उभी होते. अर्धे बाक रिकामे होते आणि आम्ही एकमेकांकडे पाहत होतो. मग पोरं यायला लागली. धापा टाकत, कुणाच्या पायात दोन तऱ्हेच्या चपला. एका मोटारसायकलवरून तिघी उतरल्या. एकीचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. तिला उत्तरपत्रिका दिली तर पहिल्याच पानावर हळदीची बोटं उमटली. परीक्षकाला काय वाटेल, हा विचार मला त्या गडबडीतही आला. शेवटी ठरलेल्या वेळेला गेट बंद झालं.

पेपर संपल्यावर प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर मोबाईल होता. "मॅडम, ये ग्रुप आज ही बंद करो," ते म्हणाले. "अफवा तुमच्या ग्रुपवर आली. उद्या पालक मले विचारतील, तुमाले नाही."

मी म्हटलं, "अफवा इतरही ग्रुपांवर आली होती, सर. खोडली गेली ती फक्त आपल्या ग्रुपवर."

"एका मुलीनं खोडली. ती नसती तर?"

मी ते मान्य केलं. म्हटलं, ती नसती तर फार मोठं नुकसान झालं असतं, म्हणून तिच्यासारखी आणखी तयार करू द्या. ग्रुप बंद केला तर फोटो फिरायचे थांबणार नाहीत, विचारणारे तेवढे थांबतील. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाले, चालू ठेवा, पण जबाबदारी तुमची. तसं लेखी द्या. मी तिथेच लिहून दिलं.

सगळी पोरं पोचली नव्हती, सर. लोधीखेड्याकडचा एक मुलगा होता. त्याने सकाळचा फोटो पाहिला, मोबाईल घरी ठेवला आणि संत्र्याच्या बागेत पाणी द्यायला गेला. दुपारी घरी येऊन पाहिलं तेव्हा पेपर संपलेला. त्याचं ते वर्ष वाया गेलं आणि मग तो परत आलाच नाही. हिवाळ्यात मंडीजवळून जाताना तो दिसला, संत्र्याची क्रेट गाडीत चढवत होता. मला पाहून खाली उतरला, हात पँटला पुसले.

"मॅडम, मले ग्रुपमदून काढून टाका."

"काहून रे? पुढच्या वर्षी फॉर्म भर ना. मी मदत करीन."

"नाही जी. त्या पोरीचा आवाज येते ना रोज. तिनं सांगतलं होतं, मीच मोबाईल घरी ठेवून गेलतो. पाह्यलं की तेच आठवते."

मी त्याला समजावत बसले नाही. तिथेच उभ्या उभ्या त्याचं नाव काढलं आणि त्याला स्क्रीन दाखवली. त्याने मान हलवली आणि मला दोन संत्री दिली. ती गोड होती.

ती मुलगी बी.ए. झाली. आता सौंसरच्या एका शाळेत शिकवते आणि आमच्या ग्रुपवर दुपारचा प्रश्न बहुतेक वेळा तीच टाकते. मी आता कमी बोलते. छिंदवाड्याला मी तिची गोष्ट सांगणार आहे, आणि त्या मुलाचीही. नुसती तिची सांगितली तर टाळ्या पडतील आणि सगळे घरी जाऊन ग्रुप काढतील. त्याचीही सांगितली तर निदान पेपरच्या दिवशी ग्रुपवर लक्ष ठेवायला मोबाईल कुणाच्या हातात राहणार हे आधी ठरवतील. आम्ही ठरवलेलं नव्हतं.

हे सगळं मी मोबाईलवरच लिहिलं. पाठवायला कुणी नाही, म्हणून ते असंच राहील. चार दिवसांनी बहुधा पुसूनही टाकेन. एक सांगायचं राहिलं. तुमचं बोलणं मी वर लिहिलं ते शब्द तुमचेच आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण लिहिताना ते ऐकू येतील म्हणून दोनदा थांबले, आणि नाही आले. तुमचा आवाज कसा होता ते मला आता आठवत नाही, सर.