चार-चार पानं

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी ठीक आहे. खोकला गेला. घरमालकानं अखेर छपराची गळती काढली, त्यामुळे एक बादली मोकळी झाली. मुकादम निवृत्त झाले. रोपवाटिकेत आता मीच कलमं बांधतो आणि बाकीच्यांनी बांधलेली तपासतोही मीच. तुझी धाकटी पोहायला शिकली हे वाचून बरं वाटलं.

पत्रात तू फुलांचा तुरा घातला होतास. वाळला होता, पण रंग टिकला होता. ‘सात वर्षांनी तू दिलेला मॅकाडेमिया फुलला. इतका गुलाबी असतो हे तू कधी बोलला नाहीस,’ असं लिहिलंस. तो तुरा मी चहाच्या डब्यामागे ठेवला. चार दिवस चहा केला नाही.

बोललो नाही, कारण तो पांढरा असायला हवा होता.

मॅकाडेमियाचं कलम करायचं तर ज्या फांदीची काडी घ्यायची, तिची साल आठ आठवडे आधी बांगडीएवढी सोलून ठेवतात. मग पानांनी केलेलं अन्न खाली उतरत नाही, फांदीतच साठतं. त्या शिदोरीवर काडी खुंटावर तग धरते. तुमच्या बागेची रोपं करायची होती त्या वर्षी मी फांद्या सोलायला विसरलो. मुकादमांनी विचारलं, “सोलल्यास ना रे?” मी हो म्हणालो. तुमच्याकडे खड्डे खणून तयार होते. मी तशाच काड्या बांधल्या. साठच्या साठ वाळल्या.

खालचे खुंट जिवंत होते. बीपासून वाढवलेले, रानटी वाणाचे. त्यांना फुटवे आले. मी मेलेल्या काड्या छाटल्या, फुटवे वाढू दिले आणि जिथे कलमाचा जोड असतो तिथे पट्टी गुंडाळली. आत जोडच नव्हता, ताई. हाताला सवय होती, पट्टी नीटच बसली.

तिसऱ्या वर्षी मी तुमच्याकडे आलो होतो. जेवताना भाऊजी म्हणाले, “आपल्या झाडांना पानं चार-चार येतात, कडेला काटे. पलीकडच्या बागेत तीन-तीन. असं का रे?”

मी म्हणालो, “भाऊजी, शिंप्याची सवय सोडा आता. झाडाला पानं टाके मोजून लावत नाहीत.”

तू हसलीस. तुझ्या सासूबाई हसल्या. धाकटीला तर ठसका लागला. भाऊजीही हसले, मग त्यांनी मीठ मागितलं. त्यानंतर झाडांविषयी त्यांनी मला काही विचारलं नाही. शिलाईचं दुकान बंद करून तो माणूस बागेत उभा राहिला, आणि त्यानं बरोबर मोजलं होतं: चार-चार पानं रानटी वाणाला येतात, तीन-तीन खऱ्या वाणाला. मी तर रोपं पाठवण्याआधीच त्यांची पानं मोजली होती.

झाडं मरणार नाहीत. फळंही धरतील, पण प्रत्येक झाडाची तऱ्हा वेगळी. कुठे गर मिळेल, कुठे नुसतं कवच. तू लिहितेस, पावसाआधी ये, याच झाडांच्या काड्या घेऊन उरलेली अर्धी जमीन लावू. नको लावूस. तू हे लिहिलं नसतंस तर मी हे पत्र लिहिलं असतं का, मला सांगता येत नाही.

एक उपाय आहे. झाडं कमरेएवढी ठेवून कापायची आणि त्यांवर खऱ्या वाणाच्या काड्या बांधायच्या. आणखी तीन-चार वर्षं जातील. काल मी पांढऱ्या फुलांच्या झाडांवर फांद्या सोलून ठेवल्या. आता विचारायला मुकादम नाहीत. मे महिन्यात त्या तयार होतील. तुम्ही दोघं हो म्हणालात तर करवत घेऊन येईन. नाही म्हणालात तर येणार नाही.

हे पत्र एकटीनं वाचून ठेवून देऊ नकोस. सगळे जेवायला बसतील तेव्हा मोठ्यानं वाच. सासूबाईंना ऐकू जाईल असं. धाकटीलाही बसव. भाऊजींचं बोलणं येईल तिथे आवाज खाली आणू नकोस.

ज्याला पानं मोजता येत होती, तो
तुझा भाऊ