गेट मीटिंगचा कागद

आबा,

आधी झालं तेवढंच लिहिते.

१. सहकारी साखर कारखान्यात तुमच्या पगारातून दर महिन्याला प्रॉव्हिडंट फंड कापला जात होता.
२. मी नववीत असताना गेटवर कामगारांची सभा झाली. बॉयलरच्या दुरुस्तीला पैसा नव्हता. एका हंगामापुरता आमचा फंड भरू नका, दुरुस्तीला वापरा, अशी संमती कामगारांनी लेखी दिली. पहिली सही तुमची.
३. तो हंगाम संपलाच नाही. तुमच्या शेवटच्या पगारापर्यंत कपात होत राहिली, भरणा झाला नाही.
४. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आईला त्यातलं काही मिळालेलं नाही.

तुम्ही साखर शिजवायच्या पॅनवर काम करायचात. उकळत्या पाकाचा थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन दिव्यासमोर धरायचा, दाणा बघायचा, मगच पॅन सोडायचा. मीटर काय दाखवतो याला तुमच्या लेखी किंमत नव्हती. मी आज बारामतीत त्याच मीटरांचं काम करते, आणि दाखवलेला आकडा तपासल्याशिवाय मान्य करायचा नाही, हे तुमच्याकडूनच शिकले. फंडाची स्लिप मात्र तुम्ही एकदाही उघडून पाहिली नाहीत. सभेच्या आदल्या संध्याकाळी, आई भाकरी थापत होती तेव्हा, मी विचारलं होतं, पैसे परत कधी भरणार, ती तारीख कागदावर का नाही? तुम्ही ताटावरून मान वर केलीत. "कारखाना आपला हाय. आपल्याच घरात पावती मागायची न्हाय. पुन्हा इचारू नगं." मी पुन्हा विचारलं नाही.

आई अजून डाळिंबाच्या बागेत रोजानं जाते. मी पैसे देते, ते ती डब्यात तसेच ठेवते. "तुजं नगं. त्यांचं हाय ते आणून दे," एवढंच म्हणते.

गेल्या रविवारी बॉयलरवरचे तात्या निरवांगीहून आले. निवृत्त झाले आहेत, गुडघे गेलेत, तरी पेट्रोल पंपावर राखण करतात. म्हणाले, "पुढल्या सोमवारी पुण्याला फंडाच्या हापिसात तक्रार द्यायची हाय. त्यो कागद तुज्या आबाकडंच व्हता. कारखान्याची पोच हाय त्याच्यावर. घरात हाय का?"

"बघते," मी म्हणाले.

"बघ. पर तक्रार करायची कुणावर, सांग की! सभासद आमी, मालक आमी. हातबी आमीच वर केला, तुज्या बापाकडं बघून." त्यांनी चहा बशीत ओतला. "त्यापरास बॉयलर बरा. लई तापला की शिट्टी तरी मारायचा."

मी त्यांना सांगितलं, ते खरं आहे आणि कोरडं आहे: पगारातून कापलेला पैसा कापल्या क्षणापासून कामगाराचा. तो भरायची जबाबदारी कापणाऱ्याची, आणि कामगारांनी हात वर केल्यानं ती सुटत नाही. तात्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मग त्या दिवशी हे कुणी का न्हाय सांगितलं?" तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही.

शोधायचं काही नव्हतं, आबा. कागद माझ्याच कपाटात आहे. तो दिला तर पोच उपयोगी पडेल, आणि पहिली सही कुणाची तेही सगळ्यांसमोर वाचलं जाईल. मला वाटलं होतं, तुमची लाज जायला नको म्हणून मी थांबले आहे.

वरच्या यादीत एक नोंद मी टाळली. तो कागद त्या संध्याकाळी तुम्ही सांगितलात आणि मी लिहिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. परतीच्या तारखेसाठी मी जागा सोडली होती. ती अजून कोरी आहे.

सोमवारी सकाळी तात्या येतील. कागद देऊ का, ते रविवारपर्यंत कळवा.