गोळ्यांची परीक्षा

३ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

मुख्य औषधनिर्मात्याच्या परीक्षेत तू पहिली आलीस, अभिनंदन. बाबांनी माझं जुनं प्रमाणपत्र उतरवून त्याच खिळ्यावर तुझं लावलं, हेही कळलं. भिंतीत दुसरा खिळा मावला असता.

आमच्या वेळी पानंच्या पानं लिहावी लागत. आता चारांतला एक गोळा काळा केला की झालं! अठरा वर्षं या दवाखान्याच्या खिडकीत मी गोळ्या मोजल्या, आणि इथेच माझ्या डोक्यावर येणार गोळे रंगवणारी. पोटात दुखतंय, आणि त्यावर आमच्याकडे औषध नाही.

एक प्रश्न पाठवते, पर्यायांशिवाय. ताप आलेल्या चार वर्षांच्या मुलाला औषध किती द्यावं? बघू, काय लिहितेस ते.

माया आहेच, आज जरा कमी आहे.
ताई

९ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हा प्रश्न आमच्याच पेपरातला, सत्ताविसावा. तेव्हा ‘पाच मिलिलिटर’चा गोळा काळा केला, गुणही मिळाला. पर्याय नाहीत म्हटल्यावर मात्र दोनदा लिहिलं नि दोनदा खोडलं. तुझ्या अक्षराचा मला शाळेपासून हेवा. लिहायची परीक्षा असती तर मी बसलेच नसते.

काल इथल्या माझ्या दवाखान्याच्या खिडकीशी एक बाई आली. कडेवरची तापलेली पोर चार वर्षांची, पण दिसायला दोनची. चिठ्ठीत मात्रा वयावरून लिहिलेली. पोरीला वजनकाट्यावर उभं केलं आणि डॉक्टरांकडून मात्रा कमी करून आणली. तेव्हा कुठे तुझं उत्तर सापडलं.

आणि ताई, निकालाच्या यादीत तुझंही नाव आहे, शेवटून तिसरं. घरी कुणाला बोलले नाही. तुझ्याकडची नेमणूक नाकारू का? सांगशील तसं करेन.

रागावलीस तरी माझीच राहा.
धाकटी

१४ जून

चि. धाकटीस, आशीर्वाद.

पकडलंस. त्या सत्ताविसाव्याला मी चारही गोळे कोरे ठेवले आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ‘वजन किती?’ असं पस्तीस प्रश्नांना केलं. तपासणाऱ्या यंत्राला कुठलं माझं अक्षर वाचता येतंय!

तू गोळाही बरोबर भरलास आणि वजनही विचारलंस. हे वाचून पुन्हा पोटात दुखलं, पण त्या पोरीला बरं वाटलं का, ते आधी कळव.

नेमणूक नाकारलीस तर तोंड दाखवू नकोस. पुढच्या वर्षी मी परत बसणार आहे. येताना गोळे भरायचं तुझं ते पेन घेऊन ये.

तुझीच, जळकी
ताई