गाडीचं अंग गार

३ डिसेंबर १९४६
आज फिरत्या दवाखान्याची फेरी निम्म्यातूनच परत. ओढ्याच्या चढावर लॉरी खोकली, काळा धूर सोडला आणि बंद. गणपतमामांनी हँडल मार मार मारलं. ड्रायव्हर घामाघूम आणि गाडी गार, असा प्रकार. शेवटी बांधावरच औषधांची पेटी उघडली. जवळच्या मळ्यातल्या बाया आल्या, मुलांचे डोळे धुतले, खरजेचं मलम दिलं. पुढच्या वाडीत माणसं दिवसभर वाट बघत बसली असणार. मागच्या आठवड्यातही हेच झालं.

६ डिसेंबर
मामांनी प्लग काढले. चुलीच्या धुराड्यातून काढल्यासारखे, काजळीने भरलेले. घासून लख्ख केले, कार्बुरेटर खोलून धुतला. कोल्हारपर्यंत बरी चालली, येताना पुन्हा तेच. गार इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोक ओढूनच ठेवावा लागतो, सोडला की मरते.
मामा म्हणाले, "उन्हाळ्यात घेतली तवा कशी पळत हुती, रूथबाई! आता थंडी पडल्यापास्नं हिचं मन लागंना."
मिलिटरीच्या लिलावातली गाडी. लढाईत कुठे कुठे फिरली कोण जाणे. पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा पार खाली पडलेला. मामा म्हणतात, मेलाय तो. आजवर कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही.

१० डिसें.
नगरच्या मोठ्या दवाखान्याच्या डॉ.बाई तपासणीला आल्या. दवाखाना बघितला, औषधांचं कपाट बघितलं, मग पेट्रोलवर आल्या. रेशनचं पेट्रोल महिना अर्धा व्हायच्या आत संपतंय आणि फेऱ्या तर पहिल्यापेक्षा कमी. व्हरांड्यात उभ्या राहून मला म्हणाल्या, "सिस्टर, पेट्रोल नेमकं जातं कुठं?" आवाज काही लहान नव्हता. मामा पलीकडे बादलीत हात धूत होते. धुता धुता थांबले.
मी म्हटलं, गाडी नीट चालत नाही म्हणून.
"गाडी पेट्रोल पिते, हे सगळेच ड्रायव्हर सांगतात."
हे असंच चाललं तर नाताळानंतर गाडी विकायची, फिरता दवाखाना बंद. ज्याला गरज असेल तो चालत येईल, म्हणाल्या. चालत येण्यासारखे असते तर आपण गेलो असतो कशाला? हे बोलायचं राहिलं. नेहमीसारखं.

११ डिसें.
मामा सकाळीच दारात. "नाताळ झाला की मी गावाकडं, खर्ड्याला जातो. भाऊ एकलाच शेत बघतोय."
"डॉक्टरबाई तुमचं नाव घेऊन काही बोलल्या नाहीत, मामा."
"नाव घ्यायला लागतंय व्हय?"
मामा पेट्रोल विकणार नाहीत हे मला माझ्या हाताइतकं ठाऊक आहे. पण मग जातं कुठं? दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एकीला खोकल्याच्या औषधाऐवजी पोटदुखीचं देत होते, तिनेच रंग ओळखला.

१५ डिसें.
आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.
पहाटे दव फार, म्हणून मामा रात्री गाडीच्या तोंडावर, रेडिएटरच्या जाळीवर, गोणपाट बांधून ठेवतात. आज घाईत सोडायचं विसरले. मी शाल गुंडाळून शेजारी बसले. सुरुवातीला रोजच्यासारखी रडत निघाली. मैल-दोन मैल गेलो असू, खोकणं थांबलं. ओढ्याचा चढ तर चढलोय हे कळलंच नाही. मामांनी चोक आत ढकलला, तरी चालतेय! दोघंही बोलेनात, बोललं तर बिघडेल अशा भीतीने.
आणि काटा. मेलेला काटा वर आला होता.
मामांनी बघितला आणि दचकून गाडीच थांबवली. उतरून पुढे गेले तर गोणपाट तसंच बांधलेलं. "देवा! पानी उकळून इंजिनाचं हेड गेलं असतं की!" झटक्यात सोडून टाकलं.
पुढच्या गावापर्यंत काटा पुन्हा खाली, खोकला पुन्हा सुरू.

१६ डिसें.
मी म्हटलं, पुन्हा गोणपाट बांधू. मामा ऐकेनात. सगळा जन्म इंजिन तापू नये म्हणून जपण्यात गेला, आणि ही बाई त्याचं तोंड बांधायला सांगते.
मी म्हटलं, "मामा, ताप आलेला माणूस वाईट दिसतो म्हणून सगळे धावतात. पण ज्याचं अंग गार पडतं, त्याची मला जास्त भीती वाटते."
मग म्हणाले, "बांधा. पन मी काट्यावरनं नजर काडनार न्हाई."
दवाखान्यातला पाण्यात घालायचा लांब थर्मामीटर बरोबर घेतला. आधी उघड्या तोंडाने कोल्हारपर्यंत. रेडिएटरचं झाकण काढून बघितलं, पाणी बाळाच्या आंघोळीइतकं कोमट. एवढं चालून! मग गोणपाट बांधून परत. आता झाकण फडक्याने धरून हळूहळू उघडावं लागलं. कडकडीत, पण उकळी नाही. गाडी मात्र मांजरासारखी गुरगुरत आलेली.
म्हणजे काटा खरंच बोलत होता. इंजिन तापतच नव्हतं.

१७ डिसें.
पेट्रोल सापडलं.
मामा तेल बघायची पट्टी काढून पुसत होते. म्हणाले, ही एक गोष्ट बरी, तेल काही कमी होत न्हाई, उलट वाढल्यावानीच दिसतंय. माझ्या मनात आलं, वाढेल कसं? ते फडकं हातात घेतलं, नाकाशी नेलं. पेट्रोल! तेलही पाण्यासारखं पातळ.
मामांनी वास घेतला. दोनदा घेतला. मग तिथेच चाकाला टेकून खाली बसले. गार इंजिनात पेट्रोल धड जळत नाही. काही काळ्या धुरात जातं, काही कडेने ओघळून खाली तेलात. "आनखी म्हैनाभर चालवली असती तर बेअरिंगा गेल्या असत्या," म्हणाले. डोळे पुसले. धुराने असेल.
तेल लगेच बदललं. जुनं थोडं बाटलीत भरून गाडीत ठेवलं.

२० डिसें.
रात्री नगरहून लिहितेय.
सकाळी वाडीवरून बैलगाडीत पारूबाईला आणलं. दोन दिवस अडलेली, पोर आडवं. माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं, नगरलाच न्यायला हवी होती. मामांनी विचारलं, "गोणपाट?" मी म्हटलं, बांधा.
मी मागे पारूबाईपाशी, तिची सासू पायाशी. पारूबाई ओरडायची थांबली तेव्हा मला जास्त धास्ती. नाडी धरून बसले. मनात एकच, गाडी थांबू नकोस. राहुरी गेलं. पुढे मामा एकदा थांबले. ते खाली उतरले, गोणपाट अर्धं वर गुंडाळलं आणि निघाले. ऊन चढलं तसा काटा फार वर चाललेला, म्हणून. वाटेत बंद पडली नाही. एकदाही नाही.
डॉ.बाईंनी ताबडतोब टेबलावर घेतली. मी बाहेर उभी. मग आतून रडणं आलं, चांगलं ठणठणीत. मुलगी. आईही आहे.
सासू मामांच्या पाया पडायला लागली. मामा मागे सरकत भिंतीला लागले.

२१ डिसें.
नगरलाच मुक्काम होता. सकाळी डॉ.बाईंनी खिडकीतून गाडीचं बांधलेलं तोंड बघितलं आणि मला विचारलं, हे काय? मी सगळं सांगितलं. या वेळी काही राहू दिलं नाही. तेलाची बाटली बरोबर आणलीच होती, ती पुढे केली. त्यांनी वास घेतला. बूच लावून बाटली टेबलावर ठेवली.
"मी त्यांना काय काय समजले," म्हणाल्या.
"ते मला नका सांगू," मी म्हटलं. एवढं कसं बोलले कुणास ठाऊक.
खाली गेल्या. खिडकीतून दिसलं, मामा टोपी सारखी करत उभे. डॉ.बाई बोलत होत्या. परत येताना मामांना विचारलं, काय म्हणाल्या?
"चुकलं म्हनाल्या."
"मग तुम्ही?"
"मी म्हनलं, पेट्रोल घावलं, बरं झालं."

२५ डिसें.
नाताळ. आमच्या ख्रिस्ती देवळात गर्दी. मामा करंजी खायला आले, खर्ड्याचा विषय नाही काढला. मीही नाही.

२८ डिसें.
इंजिनातून रेडिएटरकडे पाणी जातं त्या तोंडाशी एक झडप असते. थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत ती पाणी अडवून धरते. आज मामांनी तिथले बोल्ट काढले. आत झडपच नाही! नुसतं रिकामं घर. कुठल्या तरी गरम मुलुखात कुणी काढून फेकली असणार, गाडी तापू नये म्हणून. "माझ्या हातानं न्हाई गेली," मामा म्हणाले. मला माहीतच होतं.

२ जानेवारी १९४७
मामांनी नगरच्या भंगारवाल्याकडून मिलिटरी मालातल्या दोन झडपा आणल्या. बसवण्याआधी तपासू म्हटलं. माझ्या स्टोव्हवर पातेलं, दोरीने झडप सोडलेली, शेजारी थर्मामीटर. पहिली गार असतानाच आ वासलेली. बाद. दुसरी बंद. पाणी तापतंय, तापतंय, काही नाही. मामा म्हणाले, ही पन मेलेलीच. तेवढ्यात पाण्याला उकळी यायच्या बऱ्याच आधी ती हळूच उघडली. बाहेर काढली तर आपोआप मिटली. आम्ही पुन्हा टाकली, पुन्हा उघडली. चांगलं कळलं होतं तरी चारपाच वेळा केलं, नुसतं बघायला.

५ जाने.
पूर्ण फेरी! गोणपाट नाही, चोक नाही, धूर नाही. काटा मधोमध. शेवटच्या वाडीतल्या म्हातारीने विचारलं, इतके दिवस कुठं मेला हुतात? किती बरं वाटलं ते ऐकून.

१२ जाने.
डॉ.बाई आज आमच्याबरोबर फेरीला आल्या, पुढच्या सीटवर मामांच्या शेजारी बसल्या. पेट्रोलचं नावही नाही. गाडी विकायची नाही, निदान उन्हाळ्यापर्यंत तरी. पुढचं पुढे बघू म्हणाल्या.
संध्याकाळी त्यांना नगरच्या सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं आणि आम्ही परत निघालो. मामा म्हणाले, "रूथबाई, चैत्रात गाडी तापली तरी झडप काडू देऊ नका. रेडिएटर साफ करायचा, पंखा बघायचा, पन झडप न्हाई. ड्रायव्हर कुनी का असंना."
मी म्हटलं, "कुणी का असेना म्हणजे? तुम्ही नसणार का? खर्ड्याला चाललात?"
मामांनी गिअर बदलला.
"नीट धरून बसा," म्हणाले, "म्होरं खड्डा हाय."