शेवटच्या पानातला हीर

शिरोडा,
मेअखेर, १९५८

प्रिय सुगंधा,

महादूकाका उद्याच्या गाडीने मुंबईला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र आणि एक पुडकं देते आहे. पुडकं तू आधीच फोडलं असशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण पत्र वाचून होईपर्यंत माझ्यावर रागावू नकोस.

माहेरी तुझं-माझं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. कादंबरी हातात आली की मी शेवटचं पान आधी वाचायची. खुनी कोण ते एकदा बघून ठेवलं की चुलीपुढे बसून निवांत वाचायला मी मोकळी. तू पान न पान क्रमाने वाचणार, आणि मी शेवट सांगेन म्हणून कानात बोटं घालून बसणार. माझी ती खोड अजून गेलेली नाही. नायिका शेवटी क्षयाने जाणार हे आधी कळलं, की मधले तिचे सासरचे हाल मला सोसवतात. काहीच ठाऊक नसलं की जीव टांगणीला लागतो.

आणि माझी गाठ पडली ती तुझ्या भावोजींशी. गलबतावरचा तांडेल माणूस, पण वाचनाचं वेड माझ्याहून जास्त. समुद्रावरची कादंबरी मिळाली तर लेखकाने शीड उलट्या वाऱ्यात उभारलं म्हणून दिवसभर हसतील. पण पुस्तक संपवून हे कधी समुद्रावर गेले नाहीत. शेवटचं प्रकरण ठेवून द्यायचं, खुणेला माडाच्या पातीचा हीर घालायचा आणि मग निघायचं. त्यांच्या घरची रीतच ती. सासरे अर्धं विणलेलं जाळं खुंटीला अडकवून जात. सासूबाई म्हणतात, "अर्ध्यार सोडलेला काम माणसाक घराक ओढून हाडता." मला याचं हसू यायचं. मला शेवट ठाऊक असायचा, म्हणून मी मुद्दाम चिडवायची. हे उंबऱ्यातून म्हणायचे, "सांगू नको गो, माका परत येवचा आसा." आणि यायचे. पाय धुवायच्याही आधी पुस्तक मागायचे.

यंदा पावसाची आगोट लवकर लागली. गावातली सगळी गलबतं वर ओढून माडाच्या झापांनी शाकारून झाली. पाणी गढूळलंय, भरदुपारीही किनाऱ्यावर माणूस दिसत नाही. यांचं तेवढं गलबत पाण्यात राहिलं, कारण मालकाला मिठाची आणखी एक खेप मुंबईला पोचवायची होती. तळाच्या फळ्यांतून पाणी आत येतं हे यांनी त्याला परोपरीने सांगून पाहिलं. मग सांगणं सोडून दिलं. घरी आले आणि पडवीत पुस्तक घेऊन बसले. मला वाटलं, नेहमीसारखे वाचताहेत.

काल सकाळी निघाले. उंबऱ्यात क्षणभर थांबले, पण या वेळी "सांगू नको गो" म्हणाले नाहीत. दुपारी मी पुस्तक उचललं, तर हीर शेवटच्या पानात होता.

सासूबाईंना मी हे सांगितलेलं नाही. हे परतल्यावर पाय धुवायला म्हणून दारात तांब्या भरून ठेवायला त्या विसरत नाहीत, आणि तो ओतून टाकायचं माझ्याने होत नाही. मला फार भीती वाटते, सुगंधा. फळ्यांची वाटते, वाऱ्याची वाटते. पण त्याहून जास्त याची वाटते, की ते मनातून निरोप घेऊन गेले आहेत.

गलबत मालवण, देवगड करत येणार, म्हणजे हे पुडकं त्याच्या आधी तुझ्याकडे पोचेल. तुझ्या यजमानांना, गणपतरावांना, रोज धक्क्यावर जाऊन चौकशी करायला सांग. देवाच्या कृपेने हे सुखरूप पोचले, तरी मालक रिकामं गलबत याच पाण्यातून परत आणायला लावील. त्यांना परत त्यावर चढू देऊ नकोस. तू दिवाळीला पाठवलेली, पावसाळ्यात वाचायला म्हणून आम्ही राखून ठेवलेली कादंबरी पुडक्यात आहे, पण अर्धीच. मी ती विळीवर मधोमध कापली. ती त्यांच्या हातात दे. गोष्ट जिथे तुटते तिथवर वाचू दे, मग सांग की पुढचं माझ्याजवळ आहे, मोटारीने घरी या. आणि हेही सांग, की शेवटचं पान या वेळी मीसुद्धा उघडलेलं नाही.

उंबऱ्याकडे डोळे लावून बसलेली तुझीच,
शेवंतीताई