भिंतीवरची हिरवी खिडकी

आबा, तुमची ओळ अजून उभी आहे. हे आधी सांगते, कारण आमच्याआधी तुम्ही तिचीच चौकशी केली असती. मंगळवार पेठेत रिक्षावाल्याला ‘रंगीत ओळ’ एवढंच सांगितलं की तो पुढे काही विचारत नाही. जोतिबाहून परतणारी माणसं वाट वाकडी करून येतात, पोरांना समोर उभं करून फोटो काढतात. आपलं कोपऱ्यावरचं पिवळं, मग निळं, मग गेरूचं लाल, अशी सातही घरं एकमेकांना खेटून, तुम्ही ठरवून दिलेल्या रंगांत. ती बांधली पणजोबांच्या काळात, पण तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली तरी लोक त्यांना तुमचीच म्हणतात. कुणी माझ्यासमोर तुमचं कौतुक सुरू केलं की मी आत निघून जाते.

मुलींच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवायचात आणि सुट्टी लागली की गल्लीला. निळ्या घरातल्या काकूंनी दाराला चॉकलेटी रंग लावला म्हणून तुम्ही महिनाभर त्यांच्याशी बोलला नव्हतात. शेवटी बिचाऱ्यांनी दार खरवडून घेतलं. मी सातवीत असताना माझं चित्र तुम्ही अख्ख्या वर्गासमोर धरलंत आणि म्हणालात, “ह्यो हिरवा न्हाय, ही शिळी भाजी हाय.” वर्ग हसला. घरी आल्यावर तरी काही बोलाल म्हणून मी तुमच्या मागेमागे फिरले, तर तुम्ही चहा मागितलात. त्यानंतर चित्रकलेच्या तासाला मी नुसती बसून राहायची. तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

पण तो राग मी कधीच गिळला असता. गिळला जात नाही तो स्वयंपाकघराचा. मागे दुसऱ्याची भिंत, शेजारी निळं घर, आणि बाहेरची म्हणून एकच भिंत, रस्त्याकडची. वळणावरून येणाऱ्या माणसाला ओळीतली सगळ्यांत आधी दिसायची ती तीच. आतल्या बाजूला आई चूल पेटवायची आणि भुशाची शेगडी. धूर कौलांतून जमेल तेवढा जायचा, बाकीचा तिच्या छातीत. खोकून खोकून ती भाकरी अर्धी टाकून अंगणात येऊन बसायची. डॉक्टर म्हणाले, त्या खोलीला वारा द्या, नाहीतर बाईंना चुलीपासून उठवा. चुलीपासून तिला कोण उठवणार होतं? आयुष्यात साधं लुगडंही मागून न घेतलेली बाई त्या दिवशी तुम्हाला वाढताना म्हणाली, “अवो, त्या भिंतीला एक खिडकी पाडा की. हातभर असली तरी चालंल.” तुम्ही भात कालवत म्हणालात, “बघतो.”

दिवाळीची सुट्टी लागते. सकाळीच तुम्ही शिडी भिंतीला लावता. आई शिडीचा आवाज ऐकते आणि फळीवरचे डबे उतरवायला लागते. मला हाक मारते. डाळीचा, तिखटाचा, पिठाचा, एकेक डबा आम्ही माजघरात नेतो. माती पडेल म्हणून ती चुलीवर जुनं धोतर पसरते. मग आम्ही दोघी पहारीचा पहिला घाव पडायची वाट बघत बसतो. दुपार होते. घाव पडत नाही. आई म्हणते, आधी मापं घेत असतील. त्या दिवशी ती एकदाही खोकली नाही, का तर चूलच पेटवली नव्हती. शिळ्या भाकरीवर भागवलं होतं.

संध्याकाळी तुम्ही हाक मारलीत. गल्ली गोळा झाली होती. पिवळ्या भिंतीवर तुम्ही खिडकी रंगवली होती. हिरव्या झडपा, एक अर्धी उघडी, खाली कुंडीत तुळस, झडपेची सावलीसुद्धा. खरी वाटावी अशी. आई हात पदराला पुसत बघत राहिली आणि म्हणाली, “आणि ही उघडायची कुठनं?”

सगळे हसले. तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसलात. पुढं प्रत्येक पाहुण्याला तो किस्सा तुम्ही रंगवून सांगितलात, आणि तो ऐकणाऱ्यांसाठी आई आत धुरात चहा ठेवत होती. खरी खिडकी पाडली तर भिंतीचा तोल जाईल, ओळ बिघडेल, हे तुमचं म्हणणं. तिचा श्वास बिघडला त्याचं काय? त्या धुरात आणखी नऊ वर्षं, आबा. तुम्ही कलावंत असाल, माझ्या लेखी तुम्ही निर्दयी माणूस होतात.

तुम्ही गेल्यावर वर्ष सरायच्या आत मी गवंडी आणला. ओळीतली माणसं समजूत घालायला आली, म्हणाली, लोक बघायला येतात ती हीच खिडकी. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, “फोडा.” पुन्हा आम्ही दोघींनी डबे उतरवले. या वेळी घाव पडले. सुतारानं झडपा बसवल्यावर आईनं त्या उघडल्या, लावल्या, परत उघडल्या, असं कितीतरी वेळ चाललं होतं. आता ती दुपारभर तिथंच बसते. फोटो काढणाऱ्यांना बाजूला व्हायला सांगते, वारा अडतो म्हणून. खोकला मात्र गेला नाही. फार उशीर झाला होता.

हे पत्र चुलीत घालावं तर चूल राहिली नाही, गॅस आला. म्हणून फळीवर डब्यांखाली अंथरून टाकते, अक्षरं खालच्या बाजूला करून. एक तेवढं राहिलं. सुतारानं झडपा कोऱ्याच दिल्या होत्या, त्यांना कुठलाही रंग चालला असता. दुकानातून तयार हिरवा आणला असं मी आईला सांगितलं. ते खोटं आहे. तुमच्या खिडकीचा एक ढलपा समोर ठेवून मी तीन दिवस पिवळ्यात निळा मिसळत बसले होते. दर दिवाळीला पुन्हा बसते. तुमचा तो हिरवा मला अजून जमलेला नाही.