एका खुर्चीची पार्किंगची पावती

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि तुझी गाडी, दोन्ही कुरकुर न करता चालत असतील अशी आशा आहे. माझे गुडघे कुरकुरतात. गाडी नाही, त्यामुळे तिचा प्रश्न नाही.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी दगडी कट्टा होता ना (जिथून तू मला सायकलवर ढकलून द्यायचास आणि 'धरलंय, धरलंय' ओरडत जागचा हलायचा नाहीस), तो पाडला. तिथे आता पांढरे पट्टे मारून गाड्या लावतात. शेजारचा गाडीवाला मला म्हणतो, "काका, रस्ते आमच्या करावर चालतात. तुम्ही फुकट फिरता." अरे, रस्ते खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली मी! ह्याच्या करातून फार तर खड्डे बुजतात. बाकीचा रस्ता तुझ्यामाझ्या साबणावरच्या आणि काडेपेटीवरच्या करातून होतो. मोटार म्हणजे सगळ्या गावाने पोसलेला जावई. वर त्या जागेचं तासाचं भाडं अर्ध्या चहाएवढं. तेवढ्याच जागेत आपण चार भावंडं वाढलो, आई-अण्णांसकट.

माझं डोकं फिरलं. घरातली खुर्ची उचलली, पट्ट्यांच्या मधोमध टाकली आणि पावती मागितली. पावतीवाल्याने मान वर न करता विचारलं, "नंबर?" मी चष्मा काढून सांगितलं, "डावा दीड, उजवा दोन." त्याने (बिचारा घाईत होता) तसाच लिहून घेतला. मग तासभर ऐटीत पेपर वाचायचा बेत होता. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. पण खरं सांगू? पाच मिनिटांत पेपर मिटला. लहानपणी ह्याच गल्लीत दिवसाला एखादी मोटार यायची आणि आपण तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावायचो, ते आठवलं. शेजारी तू हवा होतास, असं फार वाटलं.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. दोन वर्षं झाली, कधीही विचारलं की तू म्हणतोस, "यायचं असतं रे, पण तिथे गाडी लावायला जागा कुठाय?" ह्या रविवारी ये. गाडी घेऊनच ये. सकाळी आठपासून मी खुर्ची टाकून जागा धरून बसतो.

आणखी एक ता. क. पावती आगाऊ काढून ठेवली आहे. तुझ्या गाडीचा नंबर मला कुठे ठाऊक, म्हणून चष्म्याचाच दिलाय. पावती दिवसभराची आहे. तासाभरात उठायचं नाही.